नमनाला घडाभर तेल नको!

मैत्रिणींनो, 'अहवाल' हा शब्द नुसता ऐकला तरी आपल्यापैकी निम्म्याजणींच्या कपाळाला आठ्या पडतात. अहवाल म्हणजे कचेरीतल्या साहेबांचं काम, आपला आणि त्याचा काय संबंध, असं आपण मनाशी धरून बसतो. पण जरा आपल्या अवतीभवती बघा. कोणी बचत गटाची अध्यक्ष आहे, कोणी सोसायटीची सेक्रेटरी आहे, कोणी महिला मंडळाची चिटणीस आहे, कोणी घरी मसाले, पापड, लोणची करून विकते आहे. या सगळ्याजणींवर कधी ना कधी कागद-पेन घेऊन बसायची वेळ येतेच. बँकेकडे कर्ज मागायचं तर प्रकल्प अहवाल, वर्ष संपलं की वार्षिक अहवाल, सरकारी योजनेत अर्ज करायचा तर त्यालाही अहवाल!

आणि गंमत अशी, की हिशेबाला आपण कधीच अडत नाही. किती किलोला किती तेल, किती मजुरी, पाकिटामागे किती सुटतात, हे आपल्याला तोंडपाठ असतं. अडतं ते अगदी पहिल्या पानावर. 'सुरुवात कशी करू?' या एका प्रश्नापाशी! मग जुन्या कोणाच्या तरी अहवालातली प्रस्तावना उतरवून काढायची, त्यात चार मोठे शब्द घालायचे आणि सुटकेचा निःश्वास टाकायचा. आपल्या जुन्या बायका म्हणायच्या तसं होतं हे. खेळ पुढेच राहतो आणि नमनालाच घडाभर तेल जातं!

ही प्रस्तावना कशी लिहावी, याबद्दल आज थोडं बोलू या. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. त्यामुळे 'बाई, जरा यावर नजर टाकता का?' असं म्हणत आजूबाजूच्या बायका असले कागद माझ्याकडे घेऊन येतात. ते वाचता वाचता जे ध्यानात आलं, तेच इथे सांगते आहे.

हा कागद वाचणार कोण?

लिहायला बसण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. पाहुणे कोण येणार ते कळल्याशिवाय आपण स्वयंपाकाचा बेत ठरवतो का? तसंच हे.

कर्जाचा अहवाल वाचणारा अधिकारी आपल्याला ओळखत नसतो. त्याच्या टेबलावर आपल्यासारखीच आणखी फायलींची चळत असते. राष्ट्रीयीकृत बँकांतून बदल्या होत असतात, तेव्हा तो अधिकारी कधी बिहारचा असतो, कधी आंध्रचा. मराठी त्याला समजतं, पण अडखळत. अशा माणसानं आपलं पहिलं पान हाती घेतलं, की त्याला चटकन काय कळायला हवं? कोण मागतंय, किती मागतंय, कशासाठी मागतंय आणि परत कसं करणार. बस्स! स्त्रीशक्तीचं वर्णन त्याला नको असतं. त्याला आपल्याबद्दल आदर नसतो असं नव्हे, पण उद्या त्याच्या वरच्या साहेबानं विचारलं तर उत्तर त्यालाच द्यायचं असतं. ते उत्तर आपण त्याच्या हातात तयार ठेवलं, की त्याचं काम सोपं होतं आणि आपलंही.

आमच्या भागातल्या एका गटाची गोष्ट सांगते. अकरा पानी अहवाल, सुंदर टाइप केलेला, वर रंगीत कव्हर. बँकेतल्या बाईंनी पहिली दोन पानं उलटली आणि विचारलं, ''ताई, तुम्हाला नेमके पैसे किती हवेत?'' आकडा होता सातव्या पानावर! अध्यक्षबाईंनी तो सांगितला. पण तोवर मागे रांग वाढली होती. ''ठेवून जा, बघते,'' असं म्हणून फाइल बाजूला गेली ती गेलीच. पुढे तीन आठवडे खेपा झाल्या. अहवालात खोट काहीच नव्हती. हिशेब चोख होता, वह्या चोख होत्या. फक्त जे आधी सांगायचं ते मागे राहिलं होतं.

आकडे तोंडात, कागद हातात

आपल्या बायकांना हिशेब येतो की नाही, याबद्दल कोणाला शंका असेल तर त्यांना माणदेशची हकिकत सांगावी. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज गेला, तो परत आला. कारण? प्रवर्तक बायकांपैकी बऱ्याचजणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, अर्जावर अंगठे होते. बायका हिरमुसल्या, पण बसून राहिल्या नाहीत. काही महिने अक्षरओळखीचे वर्ग केले आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ही हकिकत चेतनाताईंनी स्वतः अनेकदा सांगितली आहे.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्या बायकांची हुशारी पहिल्या अर्जाच्या वेळीही तेवढीच होती. पण कागदावर ती दिसत नव्हती, आणि परवाना देणारा माणूस कागदच बघत होता. आपली प्रस्तावना म्हणजे हीच जागा. डोक्यातला हिशेब दुसऱ्याला दिसतो तो इथे.

प्रस्तावनेत काय नको?

आधी नको ते काढू या, म्हणजे हवं त्याला जागा होईल.

मनोगत नको. 'हा अहवाल आपल्या हाती देताना मनस्वी आनंद होत आहे' हे वाक्य पुस्तकात शोभतं, कर्जाच्या कागदात नाही.

आभार नकोत. सरपंच, नगरसेवक, मार्गदर्शक ताई यांचे आभार जरूर माना, पण शेवटच्या पानावर.

इतिहास नको. मसाल्याचा व्यापार प्राचीन काळी कसा चालत असे, हे अधिकाऱ्याला आपण शिकवायची गरज नाही.

आणि विशेषणं तर मुळीच नकोत. 'उत्तुंग भरारी', 'अल्पावधीत नेत्रदीपक यश', 'अनन्यसाधारण महत्त्व' हे शब्द वाचणाऱ्याच्या डोळ्यांवरून नुसते घसरतात. भरारी किती ते आकड्यानं सांगा. लिज्जतचंच बघा ना! १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. या एका वाक्यात कोण, कधी, कुठे, किती जणी आणि किती भांडवल हे सगळं आलं. एकही विशेषण नाही, तरी ते वाक्य एकदा ऐकलं की विसरत नाही. त्या सातजणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

मग हवं तरी काय?

सहा प्रश्न लक्षात ठेवा. प्रस्तावना म्हणजे या सहा प्रश्नांची सहा उत्तरं.

१. आम्ही कोण? गट किती जणींचा, कधीपासूनचा, काय करतो. बचत गट असेल तर इथेच पंचसूत्री येऊ द्या: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि लिहून पूर्ण ठेवलेल्या वह्या. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली. गट पारखताना बँकेची माणसं ही पाच सूत्रं आधी बघतात. ती शोधायला त्यांना लावू नका.

२. काय हवं? रक्कम. पूर्ण आकड्यात आणि पुढे अक्षरात.

३. कशासाठी? यंत्राला किती, कच्च्या मालाला किती, आमच्या पदरचे किती. दोन वाक्यांत.

४. आत्ताच का? याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

५. परतफेड कशी? महिन्याला किती सुटतील, हप्ता किती बसेल, हातात किती उरेल.

६. आकडे आणले कुठून? रोकडवहीतून, विक्रीवहीतून, दुकानाच्या दरपत्रकावरून. हे एक वाक्य फार कमी अहवालांत असतं, आणि ज्यात असतं त्या अहवालाचं वजन लगेच वाढतं.

सगळं मिळून एक पान. त्यापेक्षा जास्त झालं तर समजा, आतला मजकूर प्रस्तावनेत शिरला आहे.

एक नमुना बघू या

समजा, दहा जणींचा गट आहे. काळा मसाला करून विकतात. कांडप यंत्रासाठी आणि मिरचीसाठी कर्ज हवं आहे. नेहमीची प्रस्तावना अशी असते:

'आज एकविसाव्या शतकात स्त्री पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून काम करीत आहे. भारतीय खाद्यसंस्कृतीत मसाल्याला अनन्यसाधारण महत्त्व आहे. ही गरज ओळखून आमच्या गटाने अत्यंत कमी कालावधीत उत्तुंग भरारी घेतली आहे. गटातील सर्व महिला कष्टाळू व होतकरू आहेत. तरी आमच्या गटास आपले सहकार्य व मार्गदर्शन लाभावे, ही नम्र विनंती.'

वाईट काय आहे यात? तसं काहीच नाही! पण 'मसाला' हा शब्द काढून तिथे 'पापड' घाला, 'गोधडी' घाला, 'मेणबत्ती' घाला. प्रस्तावना तशीच चालेल. जी प्रस्तावना कोणाच्याही अहवालाला चालते, ती आपल्या अहवालाची नसते.

आता ही वाचा. आकडे नमुन्याचे आहेत. व्याज १२ टक्के आणि मुदत २४ महिने धरली आहे. तुमचे आकडे तुमच्या वहीतून घ्या आणि व्याजदर बँकेत विचारा.

'आमचा १० महिलांचा बचत गट एप्रिल २०२२ पासून चालू आहे. बैठक दर आठवड्याला होते. प्रत्येकीची बचत दरमहा २०० रुपये असून डिसेंबर २०२५ अखेर ९०,००० रुपये जमा आहेत. अंतर्गत कर्जाचा एकही हप्ता थकलेला नाही. वह्या त्या तारखेपर्यंत पूर्ण आहेत.

गट काळा मसाला तयार करून विकतो. २०२४-२५ मध्ये ९०० किलो मसाला विकला. कांडण बाहेरून करून घेतल्यामुळे किलोमागे ४० रुपयांप्रमाणे ३६,००० रुपये कांडणावळ द्यावी लागली. म्हणून गटाला स्वतःचे कांडप यंत्र घ्यावयाचे आहे. यंत्र व मोटर ८५,००० रुपये, वीजजोडणी १५,००० रुपये आणि मिरची व इतर मसाले १,४०,००० रुपये असा एकूण खर्च २,४०,००० रुपये आहे. यातील ४०,००० रुपये गट स्वतः घालणार असून २,००,००० (दोन लाख) रुपये कर्ज मागत आहोत.

सुकी मिरची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते. तेव्हा खरेदी केल्यास ती स्वस्त पडते. म्हणून रक्कम फेब्रुवारीच्या सुरुवातीस मिळावी.

मसाल्याचा भाव किलोला ६०० रुपये असून सर्व खर्च जाऊन किलोमागे १४० रुपये शिल्लक राहतील. महिन्याला १२० किलो विक्री धरली तर १६,८०० रुपये शिल्लक राहतील. कर्जाचा हप्ता सुमारे ९,४१५ रुपये आहे. विक्री आजच्याइतकीच, म्हणजे महिन्याला ७५ किलो राहिली तरी १०,५०० रुपये शिल्लक राहून हप्ता भागतो.

विक्रीचे व बचतीचे आकडे गटाच्या वह्यांतून आणि यंत्राची किंमत दोन दुकानांच्या दरपत्रकांवरून घेतली आहे.'

बघा, भाषा अगदी साधी आहे. तरी वाचणाऱ्याला या बायकांबद्दल विश्वास वाटतो की नाही? 'आम्ही कष्टाळू आहोत' असं कुठेही म्हटलेलं नाही. ४५ महिने दर महिन्याला दोन हजार रुपये जमा झाले, हेच ते सांगतं.

आणि त्यातलं शेवटून दुसऱ्या परिच्छेदातलं वाक्य पुन्हा वाचा. 'विक्री आजच्याइतकीच राहिली तरी...' हे वाक्य लाखमोलाचं आहे. आपण नेहमी वाढीव विक्रीचे आकडे देतो, आणि अधिकारी मनात म्हणतो, 'हे झालं तर!' तो ही शंका काढणार हे आपल्याला ठाऊक असतं. मग त्यानं विचारायच्या आधी आपणच उत्तर देऊन टाकावं. मात्र हे वाक्य हिशेब करूनच लिहायचं, बरं का! हिशेब केल्यावर हप्ता भागत नाही असं दिसलं, तर वाक्य बदलू नका. कर्जाची रक्कम कमी करा किंवा मुदत वाढवून मागा. प्रस्तावना लिहिताना हे कळलं तर आपला फायदाच आहे. कर्ज घेतल्यावर कळलं तर दहाजणींच्या घरात वादळ!

'आत्ताच का?' हे विसरू नका

आपल्या उद्योगांना हंगाम असतो. वाळवणं उन्हाळ्यात, फराळ दिवाळीत, तिळगूळ संक्रांतीला, गौरी-गणपतीचं सामान भाद्रपदात. हे आपल्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की ते सांगायला हवं असं वाटतच नाही. पण वाचणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. ब्याडगी मिरची, संकेश्वरी मिरची उन्हाच्या तोंडाशी घ्यायची, कडक उन्हात वाळवायची आणि पावसाच्या आत मसाला डब्यात भरायचा, हे घरी मसाला करणाऱ्या बाईला कळतं. अधिकाऱ्याला फाइल फेब्रुवारीत निघाली काय आणि जूनमध्ये निघाली काय, सारखीच!

पैसे जूनमध्ये मिळाले तर काय होतं? मिरची महाग झालेली असते, ऊन गेलेलं असतं, आणि बायका घरोघरचा वर्षाचा मसाला करून मोकळ्या झालेल्या असतात. हप्ता मात्र लगेच सुरू होतो. म्हणून तारीख आणि तिचं कारण प्रस्तावनेत, दोन वाक्यांत, स्वच्छ लिहा. 'लवकरात लवकर' असं लिहू नका. लवकरात लवकर सगळ्यांनाच हवं असतं.

वाईट वर्ष लपवू नका

आता जरा नाजूक गोष्ट. गटाचं एखादं वर्ष वाईट गेलेलं असतं. विक्री पडते, कोणी सोडून जातं, हप्ते राहतात. प्रस्तावनेत ते सांगावं की झाकावं?

माझ्या मते सांगावं, आणि आपण होऊन सांगावं. बँकेच्या कागदांत ते असतंच. तिथे सापडलं की अधिकाऱ्याच्या मनात येतं, यांनी एवढं लपवलं तर आणखी काय लपवलं असेल? तेच आपण सांगितलं, तर त्याचं कारण आणि पुढे आपण काय केलं हेही सांगायची संधी मिळते.

२०२० सालचंच घ्या. टाळेबंदीत बैठका बंद, बाजार बंद, विक्री बंद. त्या वर्षी रिझर्व्ह बँकेनं १ मार्च ते ३१ ऑगस्टपर्यंतच्या हप्त्यांना मुदत देण्याची सवलत जाहीर केली होती. काही गटांनी ती रीतसर घेतली, काहींचे हप्ते नंतरही राहिले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पण मी पाहिलेल्या एका अहवालात बायकांनी घाबरून सरसकट 'कोरोनामुळे आमचे हप्ते थकले' असं लिहून टाकलं होतं. वही काढून बघितली, तर त्यांनी सवलत घेतली होती आणि मुदत संपल्यावर एकही हप्ता चुकवला नव्हता! थकबाकी नसताना थकबाकी कबूल करून मोकळ्या झालेल्या. तिथे मग असं वाक्य घातलं: 'मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात गटाने हप्ते लांबणीवर टाकण्याची सवलत घेतली, सप्टेंबर २०२० पासून सर्व हप्ते वेळेवर भरले आहेत.' घटना तीच, पण आता ती खरी तशी सांगितली गेली.

थकबाकी खरोखरच असेल, तर तीही अशीच तीन तुकड्यांत सांगावी. काय झालं, का झालं, आज स्थिती काय. रडगाणं नको आणि सारवासारवही नको.

लिहायची शेवटी, लावायची पहिली

आता एक युक्ती सांगते. प्रस्तावना पहिल्या पानावर असते म्हणून ती पहिल्यांदा लिहायला बसू नका. आधी आतला अहवाल पुरा करा: यंत्राची माहिती, कच्चा माल, बाजारपेठ, खर्च, नफा, परतफेडीचं वेळापत्रक. मग प्रत्येक भागातून एकेक महत्त्वाचं वाक्य उचला आणि वर सांगितलेल्या सहा प्रश्नांखाली मांडा. झाली प्रस्तावना! सुरुवात सुचत नाही ही तक्रारच राहत नाही, कारण सुरुवात आतूनच निघते.

आणखी एक फायदा होतो. आकड्यांचा मेळ आपोआप बसतो. प्रस्तावनेत दोन लाख आणि आत सव्वादोन लाख, असं झालं की चांगला अहवालही संशयात सापडतो. सगळं लिहून झाल्यावर गटातल्या दोघीजणींनी बसावं. एकीनं प्रस्तावनेतला आकडा वाचावा, दुसरीनं आत तो शोधून बोट ठेवावं. दहा मिनिटांचं काम आहे, पण करायला हवंच.

सभेचा अहवाल असेल तर

पतसंस्था, गृहनिर्माण संस्था अशा सहकारी संस्थांचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्यानंतर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सभा घ्यावी लागते. तिथल्या अहवालाला वाचणारे वेगळे असतात. ते आपलेच सभासद. त्यांना आपण कोण हे सांगायला नको आणि कर्जही मागायचं नसतं. त्यांच्या मनात प्रश्न असतो, 'आमच्या पैशांचं वर्षभर काय केलंत?'

म्हणून इथली प्रस्तावना वेगळी. अहवाल कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा, वर्षात झालेली दोन-तीन मोठी कामं, पैशांची स्थिती गेल्या वर्षापेक्षा बरी की वाईट, आणि आज सभेनं कोणता निर्णय घ्यायचा आहे. हे शेवटचं विशेष महत्त्वाचं. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीसाठी वर्गणी वाढवायची असेल, तर ते नवव्या पानावर दडवून ठेवू नका. पहिल्या पानावर सांगा. सभेत आरडाओरडा होतो तो बहुतेक वेळा वर्गणीपेक्षा 'आम्हाला आधी सांगितलं नाहीत' यावरूनच!

भाषेबद्दल थोडं

वाक्यं आखूड ठेवा. एका वाक्यात एक गोष्ट. 'सदर', 'उपरोक्त', 'तद्नुषंगाने' असले शब्द कळत नसतील तर वापरू नका, आणि कळत असतील तरी शक्यतो टाळा! 'कांडप', 'हप्ता', 'रोकडवही', 'दरपत्रक' हे रोजचे शब्द पुरेसे आहेत. आकडे लिहिताना किलो, महिना, वर्ष यांची गल्लत होऊ देऊ नका. पहिल्या ओळीत महिन्याची विक्री आणि दुसऱ्या ओळीत वर्षाचा खर्च आला, की वाचणारा गोंधळलाच. हल्ली मोबाईलवरही मराठी छान टाइप होतं. मात्र मोबाईल आपल्या मनाने शब्द घालतो, तेव्हा छापण्याआधी एकदा कागदावर घेऊन वाचा.

तुमच्या घरात बारावीचं मूल असेल तर त्याचं मराठीचं युवकभारती पुस्तक मागून घ्या. त्यात अहवाललेखनावर पाठ आहे. मूल परीक्षेपुरतं वाचून ठेवून देतं, पण आपल्याला तो प्रत्यक्ष उपयोगी पडेल. मुलालाच मदतीला बसवा. त्याचा अभ्यास होईल आणि आपलं पान!

शेवटची परीक्षा

पान लिहून झालं, की ते गटाबाहेरच्या एखाद्या बाईला वाचून दाखवा. शेजारच्या काकू चालतील, घरात सासूबाई असतील तर फारच उत्तम, कारण त्या भीडभाड ठेवत नाहीत. एकदाच वाचायचं, सावकाश. मग कागद पालथा घालून त्यांना सहा प्रश्न विचारायचे. कोण? किती? कशासाठी? आत्ताच का? फेडणार कसं? आकडे कुठले? ज्या प्रश्नाला त्या अडतील, तिथे पानात दुरुस्ती हवी. त्यांना समजावून सांगत बसू नका. बँकेत फाइल वाचली जाईल तेव्हा शेजारी समजावून सांगायला आपण नसतो.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाची पुढची बैठक असेल त्या दिवशी वह्या आणि एक कोरा कागद घेऊन बसा. कागदावर एकाखाली एक सहा प्रश्न लिहा आणि दहाजणींकडून उत्तरं घ्या. जिला जे पाठ आहे ते तिनं सांगावं: खरेदी करणारीनं भाव, वही लिहिणारीनं बचत, विक्रीला जाणारीनं गिऱ्हाईक. लिहिणारी एकच असली तरी पान सगळ्यांचं होईल, आणि उद्या अधिकाऱ्यानं गटातल्या कोणालाही काही विचारलं तरी उत्तर तेच मिळेल. बघा तर करून!